चार खांदे आणि तीन क्विंटल बाभूळ

विदर्भातल्या खेड्यात म्हाताऱ्या बाईची पत्र्याची पेटी उघडली, तर तळाशी एक गाठोडं सापडायची शक्यता बरीच असते. घडी न मोडलेलं लुगडं, काशीहून कुणीतरी आणून दिलेला गंगाजलाचा बंद गडू, तुळशीची माळ आणि रुमालाच्या गाठीत नोटा. ‘माह्या मातीचे पैसे हायेत, हात नोको लावू,’ एवढं सुनेला सांगून ठेवलेलं. तिने कुणाचा सल्ला घेतलेला नसतो, पण स्वतःच्या अंत्यविधीची तयारी पुरी असते. कापड आहे, पाणी आहे, पैसा आहे आणि हे सगळं कुठं ठेवलंय ते ठाऊक असलेलं एक माणूसही आहे. शिकलेल्या मुलाजवळ मात्र हा विषय काढला की तो उठून जातो. ‘माय, असं अभद्र कायले बोलतं?’ अन् मग जुलैच्या झडीत, रात्री अकराला, तोच मुलगा कोरडं लाकूड मिळतं का म्हणून मोटरसायकलवर तीन गावं पालथी घालतो.

मोठ्या शहरांत आता एका फोनवर अंत्यविधीचं सगळं करून देणारे निघाले आहेत. विलायतेत तर लोक फ्युनरल होम निवडतात, हयातीतच पैसे भरतात आणि मोकळे होतात. आपल्याकडे तालुक्याच्या गावातही असं एकच एक दुकान सहसा नसतं. सगळं तुकड्यातुकड्यांत आहे. शीतपेटी मंडप-गाद्या भाड्याने देणाऱ्या बिछायत केंद्रात, शववाहिका नगर परिषदेकडे नाहीतर एखाद्या सेवाभावी मंडळाकडे, बांबू बुरडाकडे, मडकं कुंभाराकडे, लाकूड आरामशीनवर किंवा कुणाच्या तरी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), दाखला ग्रामपंचायतीत. हे तुकडे जोडायचं काम आजवर गाव करत आलं. अर्थात गाव म्हणजे सगळे सारखे, असं कधीच नव्हतं. मरणाचा निरोप पोहोचवणं, लाकडं आणणं ही कामं ठरावीक समाजांवर फुकटात लादलेली होती. ती पद्धत मोडली ते उत्तमच झालं. पण त्या कामांचं पुढे काय, हे कुणी बसून ठरवलं नाही. त्यातच पोरं पुण्याला, नागपूरला, सुरतेला गेली. आज मंगळवारी दुपारी गावात मयत झाली आणि डवरणीचे दिवस असले, तर आळीत चार धडधाकट खांदे मिळत नाहीत.

खांद्यांचा हिशेब साधा आहे. साठ-पासष्ट किलोचं शरीर, ओल्या बांबूची तिरडी, वर पाहुण्यांनी पांघरलेली कापडं. म्हणजे एकेका खांद्यावर वीस किलोच्या आसपास ओझं. काळ्या मातीच्या ओल्या वाटेवर दोन-तीनशे पावलांत माणूस थकतो. स्मशान एक किलोमीटर लांब असेल तर बदली धरून बारा ते सोळा माणसं लागतात, आणि समोरच्या जोडीची उंची सारखी लागते. नाहीतर सगळा भार बुटक्यावर येतो आणि तिरडी कलते. बारा माणसं जमणार नाहीत हे दिसत असेल, तर ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा शववाहिका आधीच बोलून ठेवण्यात कमीपणा नाही. घरापासून विसाव्यापर्यंत खांदा आणि पुढे गाडी, असं केलं तरी कुणाचा मान जात नाही.

म्हणून आपल्याकडे संस्था निवडायची नसते, माणसं निवडायची असतात. चार पुरतात. एक पैशांचा, एक लाकडाचा, एक कागदांचा, एक फोनचा. शक्यतो यांतला कुणीही मुलगा किंवा मुलगी नसावी. ज्याचा बाप गेला त्याला त्या दिवशी दुकानदाराशी घासाघीस करायला लावणं क्रूरपणाचं आहे, आणि तो करतही नाही. मागेल तितके देतो. पैशांवाला शेजारी किंवा चुलतभाऊ असावा. त्याच्याजवळ रोख दहा-पंधरा हजार वेगळे ठेवलेले असावेत, कारण रात्री एटीएम बंद असतं आणि लाकूडवाला सकाळपर्यंत थांबत नाही. लाकडाचा माणूस शेतकरी हवा. ओलं-कोरडं हाताने उचलून कळणारा. कागदांचा माणूस शिकलेला असण्यापेक्षा चिकट असावा. आणि फोनवाल्याकडे नंबर कागदावर हवेत. हे क्षुल्लक वाटतं, पण गेलेल्या माणसाचा मोबाइल त्याच्याच बोटाने उघडत होता, आणि सगळ्या पाहुण्यांचे नंबर त्यातच असतात. पंधरा-वीस नंबर कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवले की निम्मी धांदल वाचते.

या चौघांना आधी सांगावं लागतं, ही खरी अडचण. मनातल्या मनात नेमलेला माणूस ऐनवेळी वावरात असतो.

पहिले दोन-तीन तास शरीराचे असतात आणि ते रडण्यात निघून जातात. मृत्यूनंतर तासा-दोन तासांत ताठरपणा सुरू होतो, आधी पापण्या आणि जबडा, मग मान, मग हातपाय. बारा तासांत सगळं शरीर ताठ होतं. उन्हाळ्यात हे आणखी लवकर. म्हणून डोळे मिटवणं, हनुवटीखालून पट्टी नेऊन डोक्यावर बांधणं, हातपाय सरळ करून पायांचे अंगठे एकत्र बांधणं हे लगेच करायचं. नंतर जोर लावून हात सरळ करावा लागतो, आणि ते बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढून जात नाही. अंगठी, जोडवी, बांगड्या सूज यायच्या आत, दोन साक्षीदारांसमोर काढाव्यात. पुढच्या वर्षीची भांडणं इथेच मिटतात. छातीत पेसमेकर असेल तर तो डॉक्टरांकडून काढून घेतल्याशिवाय दहन करू नये. आगीत त्यातली बॅटरी फुटते. घरच्यांना ते यंत्र आहे हे माहीत असतं, पण त्या घाईत आठवत नाही. ज्याच्या छातीत आहे त्याने हे चौघांपैकी एकाला सांगून ठेवावं.

मग प्रश्न येतो थांबायचं किती. पुण्याहून रात्री निघालेली ट्रॅव्हल्स दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावती-नागपूरला पोहोचते. तिथून गाव अजून तास-दीड तास. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याला पारा पंचेचाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या छपराखाली तेवढा वेळ शरीर राहत नाही. अशा वेळी शीतपेटी लागते. ती मागवताना विचारायच्या गोष्टी तीन: पोहोचवायचं भाडं वेगळं का, लांबीला किती, आणि सोबत केबल किती मीटर. पेटी आधी तासभर रिकामी चालवून गार करायची, मग आत ठेवायचं. बारीक, लांबलचक एक्स्टेन्शनवर ती लावली की व्होल्टेज पडतं, कॉम्प्रेसर नुसता घुमतो आणि उचलत नाही. जाड वायर थेट मीटरजवळच्या बोर्डावरून घ्यावी लागते. घरातला इन्व्हर्टर तिला पुरत नाही, त्यामुळे लाइन जाणार असेल तर जनरेटरही त्याच बिछायतवाल्याकडून मागवायचा. आणि प्रत्येक आलेल्या पाहुण्यासाठी झाकण उघडायचं नाही. पेटीला काच असते ती त्याचसाठी. बर्फच वापरायचा झाला तर लाद्या अंगावर ठेवू नयेत. पोत्यात गुंडाळून खाली आणि दोन्ही बाजूंना लावाव्यात, कडेने कुटार किंवा लाकडाचा भुसा, आणि वितळलेलं पाणी जायला उतार.

कुणासाठी थांबायचं आणि कुणासाठी नाही, हे जाणाऱ्याने स्वतः सांगून ठेवलेलं सगळ्यांत बरं. ‘पोरगी आली की न्या, बाकी कोणाची वाट पाहू नका जी,’ एवढं एक वाक्य पुरतं. ते नसलं की अंगणात दोन तट पडतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं.

आता लाकूड. या विषयावर जास्त बोलायला हवं, कारण सगळ्यांत जास्त फजिती इथे होते.

उघड्यावर रचलेल्या सरणाला कोरडं लाकूड साधारण तीन क्विंटल लागतं. पावसाळ्यात, किंवा अंगाने भारी माणूस असेल तर, चार धरा. लोखंडी जाळीची दाहिनी असलेल्या शेडमध्ये याहून कमी पुरतं, कारण खालून हवा खेळते आणि बाजूच्या पट्ट्या निखारे ढळू देत नाहीत. पण हे वजन कोरड्या लाकडाचं. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. आरामशीनवर तीन क्विंटल तोलून आणलं आणि ते ओलं निघालं, तर दीड क्विंटल लाकूड आणि दीड क्विंटल पाणी विकत घेतलं. त्यातलं लाकूड आधी ते पाणी उकळण्यात खर्ची पडतं आणि मग शरीराला पुरत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला तर कोरडं, दबका आला तर ओलं. कापल्या टोकाला चिरा पडलेल्या असल्या आणि साल हाताने सुटत असली तर लाकूड सहा महिने तरी पडलेलं आहे.

बाभूळ उत्तम. घट्ट जळते, निखारा टिकवते, आणि आपल्याकडे धुऱ्या-धुऱ्यावर आहे. कडुनिंब चालतो, पण एकट्या निंबावर भागवू नये. आंबा, मोह, चिंच, सागवान यांवर १९६४च्या वृक्षतोडीच्या कायद्याचं बंधन आहे; स्वतःच्या वावरातलं उभं झाड असलं तरी तोडायला परवानगी लागते. मयत झाली म्हणून रात्री आंबा आडवा करायचा, आणि महिन्याने चौकशी मागे लागायची, असं होऊ शकतं. वाळून पडलेल्या फांद्या साठवत गेलं की हा प्रश्नच येत नाही.

पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्या, ही आपल्या भागाची खास सोय. धडाक्याने पेटतात, पण दहा मिनिटांत राख होते. त्यांचा निखारा राहत नाही. त्यांचं काम फक्त पेटवण्याचं. दोन-तीन मोठ्या पेंढ्या, आणि त्याही कोठ्यात छपराखाली ठेवलेल्या. सरण रचताना तळाशी दोन जाड ओंडके लांबीत, मध्ये वीतभर फट सोडून. ही फट म्हणजे चुलीचं तोंड, ती बुजवली की धूरच धूर. त्यावर आडवी लाकडं, मग गवऱ्या, मग शरीर. लांबी साडेसहा-सात फूट, रुंदी अडीच-तीन फूट. जाड लाकूड छाती आणि कमरेवर यावं, कारण तिथलं शरीर जळायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. लोक मात्र हाताला लागेल तसं रचत जातात आणि चांगले ओंडके पायांकडे वाया जातात. पऱ्हाट्या वाऱ्याच्या बाजूने खाली खुपसायच्या. तूप, कापूर, राळ हे सुरुवातीच्या ज्वाळेपुरतं आहे. लाकडाची तूट तुपाने भरून निघत नाही.

पेट्रोल अजिबात नको. त्याची वाफ सरणाभोवती पसरते आणि काडी ओढणाऱ्याच्या अंगावर भडका येतो. अग्नी देणारा बहुतेक वेळा ओल्या धोतरात, बधिर मनाने उभा असतो; त्याला मागे सरायचंही सुचत नाही. डिझेल त्या मानाने सौम्य, पण तेही पेटवण्याआधी शिंपडायचं, जळत्या सरणावर ओतायचं नाही. टायर टाकणारेही आहेत. त्याबद्दल काही लिहायचीही इच्छा होत नाही. पाहुण्यांनी पांघरलेल्या शाली, चादरी, साड्या यांत आजकाल बहुतेक नायलॉन-पॉलिस्टर असतं. ते नीट जळत नाही, वितळून चिकटतं. सुती कापड ठेवून बाकीचं आधी बाजूला काढावं. प्लास्टिकच्या फुलांचे हारही. तिरडीचा बांबू ओला असावा, वाळलेला कडकतो. दोन बांबू साडेसात-आठ फुटांचे, आडव्या कामट्या सात-आठ, आणि बांधायला काथ्या. नायलॉनची दोरी घसरते आणि गाठ धरत नाही.

नागपुरात काही घाटांवर शेतातल्या काडीकचऱ्यापासून दाबून केलेल्या मोक्षकाष्ठावर दहन होतं. पऱ्हाटी-तुराटी जाळून टाकण्यापेक्षा हा रस्ता चांगला आहे, पण खेड्यापर्यंत तो नीट पोहोचायचा आहे. तोवर बाभूळच.

झडीच्या दिवसांत एवढं सगळं असूनही गाडं अडतं ते रस्त्यावर. स्मशानाची शेड जिल्हा परिषदेच्या जनसुविधेच्या पैशातून बांधलेली असते. पांदण मात्र तशीच. काळ्या मातीत ट्रॅक्टर चाकापर्यंत रुततो आणि मध्ये नाला असेल तर दोन दिवस पलीकडे जाता येत नाही. शेडचेही प्रकार आहेत. सिमेंटचा स्लॅब असेल तर आचेने प्लास्टर सुटून सळया उघड्या पडतात. पत्र्याची असेल तर वादळात पत्रे उडतात. मिरुग (मृग नक्षत्र) लागायच्या आधी कुणीतरी एकदा जाऊन बघून आलं पाहिजे: वर पत्रा आहे ना, जाळी वाकली नाही ना, ओट्यावर गाजर गवत माजलं नाही ना, हातपंपाला पाणी आहे ना. नाल्यामुळे वाट तुटणारं गाव असेल तर पर्यायी जागा कोणती, हे ग्रामपंचायतीत बोलून ठेवावं. स्वतःच्या वावरात दहन करायचं असेल तेव्हाही आधी शेजारच्या धुरेकऱ्याला आणि पंचायतीला विचारलेलं असावं. अंत्ययात्रा बांधावर उभी आणि धुरेकरी आडवा, यासारखं वाईट दृश्य नाही.

आणि जागा कागदावर आहे का तेही पहावं. विदर्भातल्या गावांना निस्तार पत्रक नावाचा महसुली कागद आहे; गावाची चराई, जळाऊ लाकूड, सामाईक जागा यांच्या वहिवाटीच्या नोंदी त्यात असतात. उरलेल्या महाराष्ट्राला हा शब्दच फारसा परिचयाचा नाही. स्मशानाचा गट क्रमांक त्यात किंवा सातबाऱ्यावर शोधावा. नोंद सापडली तर मोजणी मागता येते. नाही सापडली तर दरवर्षी नांगराच्या एकेका तासाने स्मशान आक्रसत जातं. एकाच गावात समाजागणिक वेगळी स्मशानं, आणि त्यांतल्या एकालाच शेड, एकालाच रस्ता, हेही आपल्याकडे आहे. नियोजनाच्या गप्पा मारताना ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ग्रामसभेत एका शेडचा ठराव मांडायचा तर कोणत्या स्मशानासाठी, हा प्रश्न कुणीतरी विचारलाच पाहिजे.

दफन करणाऱ्यांचा हिशेब वेगळा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. खोदलेल्या खड्ड्याच्या कडा झडीत ढासळतात. खड्डा खोदून तासन्तास उघडा ठेवायचा नाही, वर ताडपत्री हवी. भरताना थर दाबत जायचं आणि जमिनीवर चांगला उंचवटा ठेवायचा, कारण पहिल्या पावसात तो खाली बसतोच. वर दगड आणि बोराटीच्या काट्या. कुत्री-कोल्ही उथळ खड्ड्यावरच येतात.

मरण घरी, अंथरुणावर, म्हातारपणाने आलं तर गोष्टी इतपतच. साप चावला, वीज पडली, विहिरीत पडला, विजेचा धक्का बसला, ट्रॅक्टर उलटला, फवारणीचं विष अंगात गेलं, तर मात्र पहिला फोन पोलीस पाटलाला. इथे गाव हमखास चुकतं. ‘आता चिरफाड कायले,’ म्हणून संध्याकाळच्या आत उरकून घेतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत वहितीधारक शेतकऱ्याच्या किंवा त्याच्या घरातल्या एका सदस्याच्या अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. वय १० ते ७५, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून जाणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचेही २ लाख असतात, ते बहुतेकांना ठाऊकही नसतं. या सगळ्याला पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. राख झाल्यावर तो कुठून आणणार? शवविच्छेदन सूर्यास्तानंतर करायला केंद्राने नोव्हेंबर २०२१मध्ये मुभा दिली, पण ती जिथे सोय आहे तिथेच, आणि खून, आत्महत्या, घातपाताचा संशय अशी प्रकरणं वगळून. ग्रामीण रुग्णालयात सकाळच होईल असं धरून चाला आणि लाकूड, पाहुणे, पेटी सगळं त्या हिशेबाने पुढे ढकला.

दवाखान्यात मरण आलं तर १०८च्या गाडीची वाट पाहू नये, ती जिवंत माणसासाठी आहे. नागपूर-वर्ध्याहून गावापर्यंतच्या शववाहिकेचा दर किलोमीटरवर असतो आणि परतीचं अंतर धरूनच सांगतात. चार नंबर आधी विचारून ठेवले तर रात्री दोन वाजता दारातला पहिला माणूस सांगेल तो आकडा द्यावा लागत नाही. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते, हे आणखी एक. नागपूरच्या दवाखान्यात गेलेल्या माणसाचा दाखला गावच्या ग्रामपंचायतीत मिळत नाही. लोक महिनाभर तिथे खेटे घालतात आणि मग कळतं. भरती करतानाच नाव आधार कार्डाप्रमाणे लिहून घ्या. दवाखान्यात ‘बेबीबाई’, आधारवर वेगळं आणि सातबाऱ्यावर तिसरंच, अशी तीन नावं झाली की पुढे प्रतिज्ञापत्रांची माळ लागते.

घरी मृत्यू झाला तर घरच्या कर्त्याने २१ दिवसांत ग्रामपंचायतीत कळवायचं. त्यानंतर विलंब शुल्क, ३० दिवसांनंतर जिल्ह्यावरची परवानगी, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरने पाहिलं त्याने मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र द्यायचं असतं, आणि त्याचे पैसे लागत नाहीत. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच घ्याव्या: बँक, विमा, तलाठी, सोसायटी, पेन्शन, एक घरात. वारसाची नोंद फेरफारात घालायला तलाठ्याकडे तीन महिन्यांत कळवायचं असतं. पीककर्जाचं नूतनीकरण, नुकसानभरपाई, सगळं त्या नोंदीवर अडतं.

देहदानाचं ज्यांच्या मनात आहे त्यांना विदर्भात लांब जावं लागत नाही. नागपूरचं मेडिकल १९४७पासून आहे, सेवाग्रामचं १९६९पासून. यवतमाळ, अकोला, अमरावती, चंद्रपूरलाही महाविद्यालयं आहेत. फॉर्म भरणं हा सोपा भाग. शेवटचा शब्द वारसांचा असतो. एक मुलगा आडवा आला की फॉर्म कागद उरतो. शवविच्छेदन झालेलं, कुजायला लागलेलं, काही संसर्गजन्य आजारांचं शरीर घेत नाहीत, म्हणून दुसरी योजनाही तयार हवी. देह न्यायला गाडी कुणाची, रात्री घेतात का, हे त्या विभागात आधीच विचारावं. नेत्रदान त्याहून सोपं, पण सहा तासांच्या आत. तोवर पंखा बंद, डोळे मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. आधी फॉर्म भरलेला नसला तरी घरचे संमती देऊ शकतात.

राख तिसऱ्या दिवशी सावडली जाते. निखारा खाली दोन-दोन दिवस जिवंत असतो. आधी पाणी शिंपडून मगच हात घालावा. अस्थी कुठे न्यायच्या तेही सांगून ठेवलेलं बरं. कुणी रामटेकच्या अंबाळ्याला, कुणी कौंडण्यपूरला वर्धा नदीत, कुणी मार्कंड्याला वैनगंगेत. गांधीजींच्या अस्थींचा काही भाग १२ फेब्रुवारी १९४८ला पवनारच्या धाम नदीत विसर्जित झाला होता. आपल्या ओढ्या-नद्यांना ही जबाबदारी नवीन नाही. वावरातल्या झाडाच्या आळ्यात राख टाकणारेही आता बरेच आहेत. नाशिकच पाहिजे असा हट्ट असेल तर त्या गाडीभाड्याचा आकडाही गाठोड्यात असावा.

सगळ्यांत मोठा खर्च मात्र सरणाचा नसतोच, तेरवीचा, म्हणजे तेराव्याच्या जेवणाचा असतो. लाकूड, कापड, गाडी, पेटी यांची बेरीज करून बघा, आणि मग चारशे पानांची: वरण, भात, पोळ्या, आलू-वांगं, बुंदी, आचारी, मंडप, गंज, पाण्याचा टँकर. हे कर्ज पुढच्या कापसावर चढतं. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात १८७६ला जन्मलेले गाडगे महाराज हातात खराटा घेऊन गावोगाव हेच सांगत फिरले: ऋण काढून सण करू नका, मेलेल्याच्या नावाने जेवणावळी घालू नका. त्यांना जाऊनही १९५६पासून किती वर्षं झाली! मुलाला तेरवी छोटी करायची असते, पण ‘बापाची तेरवीबी नाही केली’ हे ऐकायची त्याची तयारी नसते. हा दोष त्याचा नाही. इथे फक्त बापाचाच शब्द चालतो, आणि तो बापाने जिवंतपणी, भाऊबंदांच्या देखत टाकलेला असावा लागतो. तुकडोजी महाराजांच्या, मोझरीच्या गुरुदेव सेवा मंडळाची भजनं जिथे रुजली आहेत त्या गावांत हे तुलनेने सोपं जातं. खंजिरीवर भजन, सामुदायिक प्रार्थना, श्रद्धांजलीचे दोन शब्द, चहा, आणि माणसं घरी. बौद्ध घरांतही त्रिशरण-पंचशील आणि पुण्यानुमोदन, भपका नाही.

या इच्छा मृत्युपत्रात लिहू नयेत. मृत्युपत्र उघडतं तेरवीनंतर. शिवाय देहाचं काय करायचं हे प्रत्यक्षात त्या क्षणी हजर असलेले नातेवाईकच ठरवतात. वहीचं एक पान पुरतं: जाळायचं की पुरायचं, अग्नी कोण देणार, कुणासाठी थांबायचं, तेरवी किती पानांची, कागद कुठे, कुणाचे किती देणे. मुलीने किंवा बायकोने अग्नी द्यावा असं वाटत असेल तर ते नुसतं लिहून भागत नाही. दिवाळीला सगळे जमले की ओसरीवर, भावकीतल्या सर्वांत खडूस काकाच्या समोर, मोठ्याने सांगायचं. तो तिथल्या तिथे भांडला तर भांडू द्या. त्याच्या मनातलं त्या दिवशी बाहेर पडलं की तिरडीजवळ तो शांत असतो.

म्हातारीच्या पत्र्याच्या पेटीतल्या त्या रुमालाकडेही अधूनमधून पाहावं लागतं. ८ नोव्हेंबर २०१६ला पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या तेव्हा कितीतरी गाठी उघडल्याच गेल्या नाहीत. वर्षा-दोन वर्षांनी म्हातारी गेली तेव्हा रुमालातून निघाला तो नुसता कागद. २०२३मध्ये दोन हजाराची नोटही परत गेली. शंभराच्या नोटा ठेवलेल्या बऱ्या, आणि त्याहून बरं म्हणजे सुनेसोबतचं जोडखातं, दोघींपैकी हयात असेल तिला पैसे काढता येतील असं.

लाकडाचंही तसंच. छपराखाली विटांवर रचलेली बाभळीची थप्पी दोन पावसाळे चांगली राहते. तिसऱ्या वर्षी खालून उदई (वाळवी) लागते आणि वरून भुंगा पीठ पाडायला लागतो. म्हणून जुनं वापरून काढायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आळीत लग्न निघालं की आचाऱ्याच्या चुलीखाली तीच थप्पी जाते, वाढप्यांना ती कशासाठी ठेवली होती हे ठाऊकही नसतं. अन् पाहुणे पांगले की म्हातारा कुऱ्हाड काखेत मारून धुऱ्यावरची वाळलेली बाभूळ बघायला निघतो. मिरुगाच्या आधी तीन क्विंटल पुन्हा रचायचं असतं.